कुलूप लागल्यानंतरची संगत

निरीक्षणगृहात नव्यानं आलेल्या मुलाला जी हाफपँट मिळते ती बहुतेक वेळा त्याच्या मापाची नसते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशा एका गृहात दर शनिवारी वाचनाचा तास घ्यायला जात असे. एका दुपारी चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा दोन्ही हातांनी पँट धरून दाराशी उभा होता. आत येऊन पुस्तक हातात घ्यायचं तर पँट सोडावी लागणार. नाडी, पट्टा, दोरी असलं काही मुलांजवळ राहू देत नसत. त्याच्याहून दोनेक वर्षांनी मोठा असलेला एक मुलगा उठला. त्यानं पँटचं कमरेकडचं कापड एका बाजूला ओढून चिमटीत धरलं, पीळ दिला, गाठ मारली आणि गाठीचं टोक आत खोचलं. "रोज सकाळी असंच करायचं," एवढं म्हणून तो जागेवर जाऊन बसला. त्यानंच आदल्या रात्री या नव्या पोराला सांगितलं होतं, की रडायचं तर भिंतीकडं तोंड करून रड, कुणी काही विचारणार नाही.

हाच मोठा मुलगा दर रविवारी खोलीतल्या दोघा-तिघा लहानग्यांच्या वाट्याची केळी स्वतःकडं घेत असे. हे कळायला मला आणखी महिना लागला.

बाल न्यायाच्या यंत्रणेत सापडलेली मुलं एकमेकांना काय देतात, या प्रश्नाचा विचार करताना मला ती गाठ आणि ती केळी दोन्ही आठवतात. या विषयावर गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत जगभर जे प्रयोग झाले, त्यांतले अनेक या दोहोंपैकी एकच गोष्ट बघून आखलेले होते आणि तिथंच ते फसले.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. संगतीबद्दलचं आपलं बोलणं या म्हणीपासून सुरू होतं आणि बहुधा तिथंच थांबतं. चांगल्याच्या शेजारी बसलास तर चांगला होशील, या अर्थानं ती म्हण मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. कायदाही याच भीतीनं लिहिलेला आहे. २०१५च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणं मुलाला जामीन देणं हा नियम आणि नाकारणं हा अपवाद. त्या अपवादाच्या कारणांत पहिलं कारण येतं ते संगतीचं : सुटल्यावर मूल एखाद्या ज्ञात गुन्हेगाराच्या सहवासात जाण्याची शक्यता असेल तर जामीन नाकारता येतो. मग संगत टाळण्यासाठी जामीन नाकारलेलं पोर जातं कुठं? जिथं चोरीच्या, मारामारीच्या, खुनाच्या आरोपातली पंधरा-वीस पोरं एकाच खोलीत झोपतात, तिथं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात अल्पवयीन आरोपींविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले आणि ३७,७८० मुलांना ताब्यात घेण्यात आलं. त्यांतली २९,६९० मुलं, म्हणजे दर पाचांत जवळपास चार, १६ ते १८ या वयातली होती. आईबापापेक्षा मित्राचा शब्द मोठा वाटतो ते हे वय. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या माणसांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. काहींना एकट्यानं, काहींना बरोबरीची दोन माणसं शेजारी बसवून. चोवीसच्या पुढच्यांच्या खेळण्यात शेजाऱ्यांमुळं फारसा फरक पडला नाही. तेरा ते सोळाच्या मुलांनी मात्र मित्र बघताहेत म्हटल्यावर कितीतरी जास्त धोके पत्करले. गुन्ह्याच्या जागी मुलं टोळक्यानं का सापडतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी यात आहे.

संगतीच्या भीतीला अभ्यासाचा आधारही भक्कम आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली एक मोठा प्रकल्प सुरू झाला. पाचशेहून थोडी अधिक मुलं, त्यांतल्या निम्म्यांना मार्गदर्शक, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं. उरलेल्या निम्म्यांना यातलं काही नाही. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर ही माणसं शोधून काढली, तेव्हा मदत मिळालेला गट कशातच पुढं नव्हता आणि काही बाबतींत मागंच होता. पुढं १९९९ साली मॅकॉर्ड, थॉमस डिशन आणि फ्रँस्वा पूलँ यांनी जास्त बारकाईनं पाहिलं, तेव्हा नुकसान झालेल्यांत मुख्यतः एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिराला गेलेली मुलं निघाली. प्रेमानं पाठवलेल्या शिबिरात त्यांना एकमेकांच्या बढाया ऐकायला आणि त्यांवर हसायला भरपूर मोकळा वेळ मिळाला होता. डिशन यांनी पोरांच्या गप्पा ध्वनिचित्रमुद्रित करून दाखवलं, की नियम मोडल्याची गोष्ट निघाली की हसू येतं, आणि ते हसूच पुढच्या गोष्टीला बळ देतं.

दुसरा महत्त्वाचा अभ्यास फ्लोरिडातला, २००९ सालचा. पॅट्रिक बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६९ सुधारगृहांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांची नोंद तपासली. प्रश्न असा, की कुणाबरोबर राहिलं याचा पुढच्या गुन्ह्यावर परिणाम होतो का? होतो, पण सरसकट होत नाही. ज्या मुलानं घरफोडी आधी केलेली आहे, त्याला घरफोडी करणाऱ्यांची संगत मिळाली तर तो पुन्हा घरफोडी करण्याची शक्यता वाढते. ज्यानं ती कधीच केलेली नाही, तो इथं येऊन नव्यानं शिकतो असं मात्र फारसं दिसलं नाही. 'आत जाऊन पोरगं बिघडलं' असं आपण ज्या सहजतेनं म्हणतो, त्याच्याशी हे पुरतं जुळत नाही. आत जे असतं ते आणखी घट्ट होतं, असं म्हणणं जास्त खरं.

या सगळ्यावरून मुलांना एकत्र येऊच देऊ नये असा निष्कर्ष काढणारे काही जण होते. पण एकत्र येऊ न देणं म्हणजे एकांतकोठडी, आणि कोवळ्या वयातल्या एकांताचे घाव संगतीपेक्षा खोल जातात. शिवाय मार्क लिप्सी यांनी २००९ साली ५४८ अभ्यास-नमुन्यांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात सामूहिक समुपदेशनाचे परिणाम चांगल्यापैकी निघाले. वाईट निघाले ते धाकावर आणि कवायतीवर उभारलेले कार्यक्रम. म्हणजे पोरं एकत्र बसली यात धोका नाही. ती कशासाठी बसली आहेत, मधे कोण बसलंय आणि कुणाच्या हाती काय सत्ता आहे, यावर सगळं ठरतं.

सत्तेच्या या मुद्द्याशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तिथंच आहे.

१९५० साली न्यू जर्सीत हायफील्ड्स नावाचं घर सुरू झालं. हे विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांचं घर. १९३२ साली त्यांचं तान्हं मूल इथूनच पळवलं गेलं होतं. त्या दुःखाच्या वास्तूत लॉइड मॅकॉर्कल यांनी एका वेळी फक्त वीस मुलं ठेवली, तीही तीन-चार महिन्यांपुरती. कुंपण नाही, पहारेकरी नाहीत. दिवसा जवळच्या सरकारी मनोरुग्णालयात मजुरीचं काम आणि संध्याकाळी दहा-दहा मुलांची बैठक. बैठकीत एक मोठा माणूस असे, पण बोलायची ती मुलंच. तू इथं का आलास, आज कामावर त्या म्हाताऱ्या रुग्णाशी असा का वागलास, घरी गेल्यावर तोच मित्र दाराशी आला तर काय करशील. एकमेकांची सोंगं मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर ओळखू येतात, या साध्या निरीक्षणावर ते घर चाललं होतं.

हायफील्ड्समधून शिकून गेलेल्या हॅरी व्होरॅथ यांनी ही पद्धत मिनेसोटातल्या रेड विंगच्या सुधारशाळेत नेली आणि १९७४ साली लॅरी ब्रेंड्ट्रो यांच्यासोबत तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं मला आजही पटतं : या पोरांना जन्मभर कुणी ना कुणी मदत 'केलेली' असते, आणि प्रत्येक मदतीबरोबर त्यांना आपण कुचकामी आहोत हे पुन्हा कळत असतं. आपणही कुणाच्या कामाला येऊ शकतो, हा अनुभव त्यांना कुणी दिलेलाच नसतो. माझ्या त्या मोठ्या मुलाच्या चेहऱ्यावर गाठ मारून जागेवर जाताना जे होतं, ते हेच असावं.

पण ही पद्धत पसरली तशी पातळ झाली. दहा मुलं एका मुलाला गराडा घालून त्याच्या चुका ओरडून सांगताहेत आणि त्याला मदत म्हटलं जातंय, असले प्रकार ठिकठिकाणी घडू लागले. मेन राज्यातल्या एलान नावाच्या निवासी शाळेत हे टोकाला गेलं. मुलांनीच मुलांना शिक्षा द्यायची, सगळ्यांसमोर उभं करून किंचाळायचं, एकाला रिंगणात उतरवून ताज्या दमाच्या मुलांशी पाळीपाळीनं मुष्टियुद्ध खेळायला लावायचं. १९७० साली सुरू झालेली ती शाळा २०११ साली बंद पडली. तिथून बाहेर पडलेली माणसं चाळिशी-पन्नाशीतही ते दिवस सांगताना थांबतात.

संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली स्वातंत्र्य हिरावलेल्या मुलांच्या संरक्षणासाठी नियम केले. त्यांना हवाना नियम म्हणतात. त्यांतला ७१वा नियम थोडक्यात असं सांगतो, की कोणत्याही मुलावर इतर मुलांना शिस्त लावण्याचं काम सोपवू नये. अपवाद फक्त ठरावीक सामाजिक, शैक्षणिक, क्रीडा उपक्रमांवर देखरेख किंवा मुलांच्या स्वशासनाचे कार्यक्रम. हा नियम आपल्या प्रत्येक गृहाच्या भिंतीवर लावावा असा आहे. कारण आपल्याकडे कर्मचारी कमी पडले की पहिली गोष्ट घडते ती हीच : एखाद्या दांडग्या मुलाला 'मॉनिटर' केलं जातं. मोजणी तो करतो, जेवणाची रांग तो लावतो, रात्री खोलीत शांतता तो ठेवतो. मोबदल्यात त्याला जास्तीची पोळी, टीव्हीचा रिमोट आणि कुणी न विचारलेली मोकळीक मिळते. रविवारची केळी इथूनच येतात. या मुलाला कुणी वाईट म्हणू नये. मोठ्यांचं काम त्याच्या अंगावर टाकलं गेलं आहे आणि त्याचं वेतन त्यानं लहानांकडून वसूल केलं आहे.

आधार आणि पहारा एकाच मुलाच्या हाती दिले की पहारा आधाराला गिळतो, एवढं या इतिहासातून माझ्यापुरतं स्पष्ट झालं आहे.

धाकाचा मार्ग तर पुरता तपासून झालेला आहे. १९७८ साली न्यू जर्सीतल्या राहवे तुरुंगातला माहितीपट गाजला, त्याला ऑस्करही मिळालं. वाट चुकू पाहणाऱ्या पोरांना तुरुंगात न्यायचं आणि जन्मठेपेच्या कैद्यांनी त्यांच्या अंगावर ओरडून त्यांना घाबरवायचं. जेम्स फिंकेनॉवर यांनी त्या कार्यक्रमाचा अभ्यास केला, तेव्हा घाबरवलेल्या मुलांपेक्षा न घाबरवलेलीच बरी निघाली. पुढच्या एकत्रित आढाव्यांनीही हेच दाखवलं, की काहीच न करणं यापेक्षा बरं. आपल्याकडं 'एकदा जेल दाखवून आणा, सुतासारखा सरळ येईल' म्हणणारे पालक आणि शिक्षक आजही भेटतात. त्यांच्यापर्यंत हे पोहोचायला हवं.

मग चाललं काय? अमेरिकेतल्या मिझुरी राज्यानं १९८३ साली बूनव्हिलची अवाढव्य सुधारशाळा बंद केली. तिच्याऐवजी राज्यभर छोटी घरं उभारली आणि दहा-बारा मुलांचे कायमचे गट केले. गट एकत्र झोपतो, एकत्र शिकतो, एकत्र जेवतो. कुणाचं काही बिनसलं तर गटातलं कुठलंही मूल 'वर्तुळ' बोलावू शकतं; सगळे हातातलं काम टाकून गोल बसतात. मात्र त्या वर्तुळात प्रशिक्षित प्रौढ नेहमी असतो, आणि रात्रीही तो जागा असतो. जॉन गिब्ज आणि सहकाऱ्यांनी आणखी एक उणीव हेरली : मदत करायची इच्छा असलेल्या मुलाला मदत करता येत नाही, कारण राग कसा आवरायचा, दुसऱ्याच्या जागी उभं राहून कसं बघायचं, हे त्यालाच कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून त्यांनी गटाच्या बैठकीला या शिकवणीची जोड दिली. १९९३ सालच्या अभ्यासात वर्षभरानंतर या गटातली १५ टक्के मुलं पुन्हा गुन्ह्यात सापडली, तर तुलनेच्या मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होतं. मुलं मोजून ५७ होती, त्यामुळं या आकड्यावर फार मोठं ओझं टाकू नये.

ब्रिटनमधला मार्ग वेगळा. १९९० साली स्वान्सीच्या प्रौढांच्या तुरुंगात ठेवलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलानं आत्महत्या केली. त्यानंतर १९९१ साली तिथं समॅरिटन्स या संस्थेनं कैद्यांतूनच 'ऐकणारे' तयार करायला सुरुवात केली. काम एकच : रात्री-अपरात्री हाक आली तर जाऊन बसायचं आणि ऐकायचं. सल्ला नाही, हुकूम नाही, वर कळवणं नाही. पुढं ही पद्धत ब्रिटनभरच्या तुरुंगांत गेली. ऐकणाऱ्याच्या हाती सत्ता नसते, म्हणूनच त्याच्याजवळ बोलता येतं. अठराच्या आतल्यांसाठी ती जशीच्या तशी उचलता येणार नाही; पंधरा वर्षांच्या पोरानं दुसऱ्याच्या आत्महत्येच्या विचाराचं ओझं एकट्यानं उचलावं, ही अपेक्षाच चूक आहे. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर पॉक्सो कायद्याचं कलम १९ ती कळवायला सांगतं. न कळवल्याची शिक्षा मात्र कायद्यानं मुलाला लावलेली नाही. म्हणून ऐकणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगावं लागतं, की कुठली गोष्ट पोटात ठेवायची आणि कुठली त्याच रात्री ताईंना किंवा सरांना सांगायची. आणि ऐकणाऱ्याचं ऐकायला कुणीतरी हवं.

सुटकेनंतरच्या वाटेवरचे प्रयोग मला सर्वांत आशेचे वाटतात. न्यूयॉर्क शहराच्या परिविक्षा विभागानं २०१२ साली आर्चेस नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्याच वस्तीत वाढलेली, स्वतः तुरुंगात जाऊन आलेली माणसं पगारावर नेमली. ती मुलांचे गट घेतात आणि रात्री अकरा वाजताही फोन उचलतात. २०१८ साली अर्बन इन्स्टिट्यूटनं केलेल्या मूल्यमापनात पहिल्या बारा महिन्यांत गंभीर गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ६९ टक्क्यांनी आणि चोवीस महिन्यांत ५७ टक्क्यांनी कमी आढळलं. जपानमध्ये युद्धानंतरच्या पडझडीत क्योतोच्या विद्यार्थ्यांनी वाट चुकलेल्या मुलांची थोरली भावंडं व्हायचं ठरवलं. ती चळवळ आजही चालू आहे. २००९ साली जपानमध्येच सुधारशाळांतून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'सेकंड चान्स' ही स्वतःची संघटना काढली.

हे आपल्याकडं करायचं म्हटलं तर एक अडचण येते, आणि ती खरी आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला बंदी करतं, कलम २४ दोषी ठरल्यामुळं येणारी अपात्रता पुसून टाकतं आणि नवी सुरुवात हे तर कायद्याचं तत्त्वच आहे. विसरण्याचा हक्क हा आपल्या कायद्यातला अतिशय माणुसकीचा भाग. पण 'मीही इथं होतो' हे न सांगता कुणी वाट दाखवणारा होऊ शकत नाही. एकवीस वर्षांचा, आता गॅरेजमध्ये नीट काम करणारा, लग्न ठरू घातलेला तरुण निरीक्षणगृहात येऊन बसायला कबूल होईल. पण वस्तीत ते कळलं तर? यावर उत्तर नाही असं नाही. सांगायचं की नाही, किती, कुणाला, हे फक्त त्यानं ठरवायचं. फोटो नाही, वर्तमानपत्र नाही, सत्कार नाही. आणि प्रवासखर्चासह मानधन. कलम ४६ खाली संस्थेतून बाहेर पडलेल्यांना एकवीस वर्षांपर्यंत पाठबळ देता येतं. त्या पाठबळात ही नोकरीही बसवता यावी.

आपला इतिहास तसा जुना. मुंबईचा मुलांविषयीचा कायदा १९२४चा, चिल्ड्रेन्स एड सोसायटी १९२७ची. तिचं उमरखाडीचं गृह ज्या जागी आहे, तो जुना डोंगरीचा तुरुंग. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर तिथं १०१ दिवस होते. दोघंही सव्वीस वर्षांचे. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, त्यामुळं तुरुंगातली सोबत काय करू शकते याची एक मराठी नोंद आपल्याकडं आहे. बंद खोलीत बोलायला जोडीदार मिळाला की माणूस तगून राहतो, आणि हे पंधरा वर्षांच्या चोरट्यालाही तितकंच लागू आहे. पुढं १९८६ साली शीला बारसे यांच्या याचिकेमुळं तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि त्याच वर्षी देशभरासाठी पहिला बाल न्याय कायदा झाला.

आजचे नियम वाचले तर समवयस्कांचा आधार त्यांत चक्क लिहिलेला सापडतो. २०१६च्या आदर्श नियमांप्रमाणं प्रत्येक संस्थेत वयोगटानुसार ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा बालसमित्या हव्यात, त्यांत फक्त मुलं हवीत. जेवण, दिनक्रम, शिक्षण यांवर बोलणं, भित्तिपत्रक काढणं, इतर मुलांकडून किंवा कर्मचाऱ्यांकडून होणारा छळ कळवणं आणि अडचणीच्या वेळी एकमेकांना सांभाळून घेणं, ही त्यांची कामं. महिन्याला बैठक, बैठकीची नोंदवही. सूचनापेटी कार्यालयापासून दूर आणि मुलांच्या खोल्यांजवळ लावायची, किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडं ठेवायची, इतका बारीक विचार त्यात आहे. चौकशीत दोषी ठरून घरी सोडलेल्या मुलांसाठीही कलम १८ खाली बाल न्याय मंडळ सामूहिक समुपदेशनाचा आदेश देऊ शकतं.

हे प्रत्यक्षात का उतरत नाही, याची कारणं निरीक्षणगृहात चार शनिवार बसलेल्या कुणालाही दिसतात. मुलांची ये-जा सतत चालू असते. आज समितीवर निवडलेला मुलगा परवा जामिनावर जातो. परिविक्षा अधिकाऱ्यांवर सामाजिक तपासणी अहवालांचा ढीग. समुपदेशक कंत्राटी, त्यांच्याही नेमणुकीची तारीख संपत आलेली. आणि मुलांची आपसातली उतरंड. आत कुणी कुणाला नावानं विचारत नाही. विचारतात, 'तू कशात?' माझ्या वेळी उत्तर यायचं 'तीनशे दोन', 'तीनशे एकोणऐंशी'. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खून १०३ झाला आणि चोरी ३०३. आकडे बदलले तरी कलमाचं आडनाव होणं थांबणार नाही. खुनातला वर, चोरीतला मधे, आणि पॉक्सोतला तळाशी, मग त्याची गोष्ट वर्गातल्या मुलीबरोबर पळून जाण्याची का असेना. त्या तळातल्या मुलाशी रात्री बोलायला कुणी नसतं. आधाराची सर्वांत जास्त गरज त्यालाच, आणि गटाच्या हाती सोडून दिलं तर शेवटचा वाटाही त्याचाच.

मुलींचा प्रश्न उलटा. त्या संख्येनं इतक्या थोड्या, की कित्येकदा अख्ख्या गृहात गुन्ह्याच्या आरोपातली एकच मुलगी असते. तिला समवयस्क आहेत, पण तिच्यासारखं मंडळासमोर उभं राहिलेलं कुणी नाही. तिच्यासाठी आधी येऊन गेलेली एखादी ताई शोधणं हाच मार्ग उरतो.

२०२४च्या मे महिन्यात पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामिनाची अट म्हणून सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावरून बाल न्यायाची महाराष्ट्रभर चर्चा झाली. संताप समजण्यासारखा होता. दोन तरुण जीव गेले होते. पण बोलणं झालं ते शिक्षा किती, एवढ्यावर. निरीक्षणगृहात संध्याकाळी साडेसातनंतर काय होतं, कोण कुणाशेजारी झोपतं, हे फारसं कुणी विचारलं नाही. मला वाटतं, अधीक्षकांना विचारायचा पहिला प्रश्न तोच असावा. नव्या मुलाची पहिली रात्र, मंडळापुढची पहिली तारीख, घरचं कुणी भेटायला न आलेला पहिला रविवार : या तीन वेळांना त्याच्याजवळ बसायला एक निवडलेलं, शिकवलेलं मूल असावं आणि त्या मुलाच्या मागं जागा असलेला एक प्रौढ असावा. त्या मुलाच्या हाती मोजणी नको, रिमोट नको, शिट्टी नको. याला फार पैसा लागत नाही. रात्रपाळीचा एक माणूस वाढवावा लागेल, आणि मॉनिटर ही सोय सोडून द्यावी लागेल. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे.

माझा शनिवारचा तास बंद होण्याच्या सुमारास तिथं बालसमितीची एक वही सुरू झाली होती. एका शिपाईकाकांनी ती मला कौतुकानं दाखवली. बहुतेक नोंदी सगळ्या वसतिगृहांत असतात तशाच होत्या. वरणात पाणी जास्त. कॅरमची पावडर संपली. एका खोलीतला पंखा बंद. खाली, पेन्सिलीनं, खाडाखोड करून लिहिलेलं एक वाक्य होतं : 'नवीन पोरगा आला की पहिल्या रात्री त्याला कोणाजवळ झोपवायचं ते आमाला विचारा.' अक्षर कुणाचं ते मी ओळखलं. वाचनाच्या तासाला तो 'म्हा'मधला 'ह' नेहमी गाळत असे. पँटची गाठ त्याला आता स्वतःला मारता येत होती.

पुढं शेऱ्याचा रकाना होता. वरणापुढं 'सूचना दिली' आणि पंख्यापुढं 'दुरुस्त' असं लाल शाईत लिहिलेलं होतं. या ओळीपुढं अजून काही लिहिलेलं नव्हतं.